गांडुळाच्या पोटातला पूर्वज

पीएचडीला विषय कुठला घेतलास, असं लग्नाच्या मांडवात कोणी विचारलं की माझ्या आधी आईच उत्तर देऊन टाकायची, "कसले तरी रोग." तेवढ्यावर भागायचं. मी खरं सांगायला लागले की समोरच्याचा घास तोंडातच थांबायचा. चिखलात एक गांडूळ असतं, त्याच्या आतड्यात एका पेशीचा एक परजीवी राहतो, आणि त्या परजीवीच्या आत आणखी एक परजीवी. तो शेवटचा माझा. एवढं ऐकल्यावर पेडण्यातला प्रत्येक माणूस, मग तो कचेरीतला कारकून असो, काजूचा व्यापारी असो की देवळाचा महाजन, एकच विनोद करायचा, "म्हणजे आमचे पुढारी!" आणि हा विनोद जगात आपणच पहिल्यांदा केला अशा थाटात हसायचा. पहिली दोन वर्षं मीही सोबत हसले. मग सोडून दिलं. त्यात पुढाऱ्यांवर अन्याय होत होता असं नव्हे, माझ्या परजीवीवर होत होता. त्याने कधी कोणाला भाषण ऐकवलेलं नाही.

विषय मी निवडला नव्हता, सरांनी निवडला होता. सर डिचोलीचे. आवाज भारदस्त, इस्त्री कडक, आणि व्यासपीठ दिसलं की पाय आपोआप तिकडे वळणारे. संशोधनाचा विषय असा असावा की त्यावर आपल्या आसपास कोणाला प्रश्न विचारता येऊ नये, हे त्यांचं तत्त्व होतं.

"मायक्रोस्पोरिडियातल्या अगदी सुरुवातीच्या फांद्या घेऊ या," ते म्हणाले. "त्यांच्या जिनोमची उत्क्रांती. अगं, परीक्षकसुद्धा शोधून सापडणार नाही."

ही त्या विषयाची अडचण आहे असं मला वाटलं होतं. त्यांना तो गुण वाटत होता.

विषय मात्र चांगला होता, हे कबूल करायला हवं. मायक्रोस्पोरिडिया हे बुरशीचे दूरचे भाऊबंद. दुसऱ्याच्या पेशीत घुसून राहायचं, सगळं आयतं खायचं, आणि जे आयतं मिळतं ते बनवायची जनुकं हळूहळू टाकून द्यायची, असा त्यांचा कारभार. नंतरच्या फांद्यांवरच्या जातींनी तर इतकं टाकलं आहे की प्राणवायू वापरून शक्ती तयार करायचं यंत्रही त्यांच्याकडे उरलेलं नाही. ती शक्तीसुद्धा यजमानाकडूनच उचलतात. पण सुरुवातीला फुटलेल्या फांद्यांवर अजून थोडं सामान शिल्लक आहे. पाणपिसवेत, म्हणजे डबक्यातल्या एका बारीक जिवात, राहणाऱ्या जातीकडे ते यंत्र शाबूत सापडलेलं आहे. मग टाकाटाक नक्की कधी सुरू झाली, आधी काय गेलं, नंतर काय गेलं, हे कळायचं तर या जुन्या फांद्यांचा जिनोम वाचायला हवा. यातलीच एक फांदी समुद्रकाठच्या गांडुळांच्या पोटातल्या परजीवींमध्ये राहते. आणि समुद्रकाठचा चिखल तर माझ्या घरापासून स्कूटरने अर्ध्या तासावर होता.

मांद्र्याला समुद्राच्या अलीकडे एक छोटी नदी आडवी येते. पलीकडे वाळू, अलीकडे ओहोटीला उघडा पडणारा काळा चिखल. पलीकडे विदेशी लोक सकाळी हात वर करून एका पायावर उभे राहायचे, अलीकडे मी सलवार गुडघ्यापर्यंत गुंडाळून वाकलेली असायची. एकदा त्यांच्यातली एक बाई पूल ओलांडून आली, बराच वेळ माझ्याकडे बघत राहिली आणि अतिशय आदराने विचारलं की ही कुठली साधना आहे आणि वर्ग किती वाजता असतो. मी म्हटलं, ओहोटीला. दुसऱ्या दिवशी ती खरंच आली. थोडा वेळ चिखलात उभी राहिली, डोळे मिटले, हात जोडले आणि गेली. सरांनी माझ्या चिखलाला जेवढा वेळ दिला त्यापेक्षा तो जास्तच होता. ते एकदाच आले. रस्त्यावरूनच चिखलाकडे बोट दाखवून फोटो काढून घेतला, आणि त्यांना डिचोलीला कुठल्याशा वाचनालयात पोचायचं होतं.

मला खरं शिकवलं ते एका म्हाताऱ्याने. गळाला लावायची गांडुळं खणून तो मासे गरवणाऱ्यांना द्यायचा. मी पहिले तीन आठवडे चुकीच्या जागी खणत होते आणि तो लांबून बघत होता. शेवटी त्याला राहवेना.

"काय सोदतंस गो बाय?"

"गांडुळां, काका. बारीक, लाल दोऱ्यासारखी."

"गळाक लावपाक?"

"नाय. त्यांच्या पोटात काय आसा तां बघपाक."

"पोटात?" तो विचारात पडला. "पोटात माती आसा. आणि काय आसतली?"

मी सगळं सांगितलं. आतड्यातला परजीवी, त्याच्या आतला परजीवी. ऐकून घेणाऱ्यांत पुढाऱ्यांचा विनोद न करणारा हा पहिला माणूस. त्याने फक्त विचारलं, "मगे ता गांडूळ बारीक जाता?" म्हणजे रोडावतं का. माझ्या चार वर्षांत मला विचारला गेलेला हा सर्वांत चांगला प्रश्न, आणि त्याचं उत्तर मला येत नव्हतं. मग त्याने मला खारफुटीच्या मुळांजवळची जागा दाखवली, जिथे चिखलावर बारीक भोकं दिसतात, आणि खोरं न वापरता हाताने चिखल कसा उलटा करायचा ते दाखवलं. "खोऱ्यान तुटतंत," तो म्हणाला. "तुटल्यार तुझो रोग सांडतलो." बरोबर होतं.

शेकडो गांडुळं फाडल्यावर एके दुपारी सूक्ष्मदर्शकाखाली तो दिसला. गांडुळाच्या आतड्यातला परजीवी काकडीच्या बीसारखा लांबट, संथ सरकणारा, आणि त्याच्या आत केळ्याच्या घडासारख्या ओळीने मांडलेल्या माझ्या परजीवीच्या पेशी. मी खुर्चीवरून उठले, जिन्यापर्यंत चालत गेले आणि परत आले. सांगायला कोणी नव्हतं. सर व्याख्यानाला गेले होते. मग बारीक काचेच्या नळीने असे रोगी परजीवी एकेक करून उचलले, स्वच्छ पाण्यात परत परत धुतले आणि गोठवले. डीएनए इतका कमी होता की आधी त्याच्या असंख्य प्रती काढाव्या लागल्या, आणि मग त्या वाचायला बाहेरगावी पाठवल्या.

वाचून आलेली अक्षरं मी महिनाभर जुळवली. त्यातून निघालेल्या यादीत प्राणवायू वापरायचं ते सगळं यंत्र होतं. एक पुर्जा कमी नाही.

मी यादी सरांच्या मेजावर ठेवली. त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला.

"हा पूर्वज आहे," ते म्हणाले.

"सर, फांदी जुनी आहे इतकंच. पूर्वज कसा असेल? तो आजही जिवंत आहे."

"अगं, लोकांना फांदी कळत नाही. पूर्वज कळतो."

लोक म्हणजे कोण, ते दोन आठवड्यांनी समजलं. डिचोलीला त्यांचं व्याख्यान ठरलं, "पेडण्याच्या चिखलात जीवसृष्टीचा पूर्वज". आता पेडणं कुठे आणि मांद्र्याची ती नदी कुठे, पण तालुका एकच म्हणून मी गप्प राहिले. मायक्रोस्पोरिडियाचा पूर्वज एकदम सगळ्या जीवसृष्टीचा झाला, तेव्हाही गप्प राहिले. पण त्या दिवशी सकाळी माझ्याजवळ गप्प राहण्याची आणखी मोठी गोष्ट होती. यंत्राची ती जनुकं मी आदल्या दिवशी जगभरच्या साठ्याशी ताडून बघितली होती. ती कुठल्या प्राण्याशी नव्हे, परजीवीशी नव्हे, तर हिरव्या बुरशीशी जुळत होती. शिळ्या पावावर येते ती.

तरी मी गेले. आईला घेऊन गेले. ती नवी साडी नेसली होती. पहिल्या रांगेत बसलो. सर सुरेख बोलले. कोट्यवधी वर्षांचा काळ त्यांनी दोन हातांच्या अंतरात दाखवला. शेवटी त्यांना शाल मिळाली, मला नारळ आणि गुलाबाचं फूल. टाळ्या वाजल्या तेव्हा मीही उठून नमस्कार केला. माझ्या पिशवीत तो बुरशीचा कागद घडी घालून ठेवला होता. हे सगळं सरांवर ढकलता येणार नाही. नारळ मी दोन्ही हातांनी घेतला. चार दिवसांनी वर्तमानपत्रात बातमी आली, आईने शेजारी पेढे वाटले, आणि पुढाऱ्यांचा विनोद करणारे लोक आता म्हणू लागले, "पूर्वज मेळलो म्हणतंत मगे? आमच्या बाजूचो की तुमच्या?"

आठवड्याने मी कागद घेऊन सरांच्या खोलीत गेले.

"सर, ती जनुकं बुरशीशी जुळतायत."

"जुळणारच. मायक्रोस्पोरिडिया बुरशीचे चुलतभाऊ. पहिल्या वर्षी मीच तुला शिकवलं हे."

"चुलतभावांचं नाक सारखं असतं, सर. गालावरचा तीळ त्याच जागी नसतो. हे अक्षरन् अक्षर तेच आहे. पावावरची बुरशी."

मग सरांमधला वक्ता जागा झाला.

"पावावरची ती बुरशी हीच आपल्या परजीवीची थेट वंशज असेल, ही शक्यता तू तपासलीस?"

मी म्हटलं, नाही तपासली. ते म्हणाले, तपास. मी बाहेर आले आणि प्रयोगशाळेतल्या फ्रीजसमोर उभी राहिले. फ्रीजवर सरांच्या सुंदर अक्षरात पाटी होती: "येथे खाद्यपदार्थ ठेवू नयेत". दार उघडलं. वरच्या खणात माझे नमुने, मधल्या खणात सरांच्या उंड्यांची, म्हणजे गोल पावांची, पुडी, पाववाला पोदेर सकाळी द्यायचा ती, आणि खालच्या खणात माझा डबा. सरांचे उंडे सोमवारी आले की गुरुवारपर्यंत तिथेच असायचे. माझ्या डब्यातही कधी कधी पाव असायचाच, तेव्हा बुरशी कोणाच्या घरची हे आजही शपथेवर सांगता येणार नाही. सरांचा संशय माझ्या डब्यावर होता. तो त्यांनी बोलून दाखवला नाही, कारण बोलले असते तर बुरशी आली हे मान्य करावं लागलं असतं.

पुढचे दिवस मी त्या अक्षरांत डोकं घालून बसले. एका वहीत दोन माणसांनी लिहिलं की हस्ताक्षरावरून कळतं, तसंच ते होतं. परजीवीची जनुकं आखूड, एकमेकांना खेटून, मधे जागा न सोडता लिहिलेली. यंत्राची जनुकं ऐसपैस, मधे मधे मोकळ्या पट्ट्या सोडून. घर एकाचं, भाडेकरू दुसराच. मग मला आठवलं की परजीवी धुतले ते शेवटचं पाणी मी एका नळीत गोठवून ठेवलं होतं. त्यात परजीवी नव्हता, काहीच नव्हतं. नियम म्हणून ठेवलं होतं आणि कोणी न विचारल्यामुळे वाचायला पाठवलं नव्हतं. ते पाठवलं. त्या नुसत्या पाण्यातही पूर्वज निघाला. पूर्ण यंत्रासकट.

आता नवे नमुने हवे होते. मी परत नदीवर गेले तर खारफुटीजवळची ती जागाच नव्हती. कुठल्याशा गेस्ट हाऊसवाल्याने पाहुण्यांना पाणी नीट दिसावं म्हणून तिथे चिऱ्याची भिंत घातली होती आणि मागे माती भरली होती. मी भिंतीसमोर उभी राहून रडले, हे सांगायला हरकत नाही. गांडुळांसाठी रडणारी बाई पाहुण्यांना त्यांच्या बाल्कनीतून स्पष्ट दिसली असेल.

म्हातारा आला, माझ्याकडे बघितलं, भिंतीकडे बघितलं. "तीं मेलीं नाय," तो म्हणाला. "सरकलीं. चल." नदीच्या वरच्या वळणावर त्याने मला नेलं. वाटेत म्हणाला, "तुझ्या सायबाचा पेपरात आयला ता खरां?"

"नाय, काका."

"माका वाटलांच. तो खंय कधी पाय बुडयता?"

त्या वळणावर आम्ही दोघांनी पंधरा ओहोट्या खणलं. या वेळी मी दुसऱ्या विभागातली, फ्रीजच नसलेली खोली मागून घेतली, प्रत्येक खेपेला नुसत्या पाण्याची नळी, आमच्या भाषेत रिकामी नळी, सोबत ठेवली, आणि महिनाभर पाव खाल्ला नाही. पाव सोडायची गरज नव्हती, पण मन थाऱ्यावर नव्हतं. अक्षरं आली. रिकाम्या नळीत काही नाही. आणि परजीवीच्या जिनोमात त्या यंत्राचा एकही पुर्जा नाही. माझ्या परजीवीने ते केव्हाच फेकून दिलं होतं. उरलं होतं ते थोडंसं: काही कच्चा माल स्वतः बनवायची मूठभर जनुकं, जी नंतरच्या जातींनी टाकली आणि याने अजून टाकली नव्हती. घर रिकामं करणाऱ्या माणसाने शेवटच्या खेपेसाठी ठेवलेल्या दोन बाल्द्या म्हणा हवं तर.

हे मी सरांना लेखी दिलं. त्यांनी वाचलं नाही, किंवा वाचून वाचलं नाही असं ठरवलं. कारण पुढच्याच महिन्यात आमच्या संस्थेत मोठं चर्चासत्र होतं, आणि तिथे ते जुनाच तक्ता घेऊन उभे राहिले. पाहुण्या म्हणून या विषयातल्या एक वयस्कर बाई बाहेरून आल्या होत्या. परीक्षक शोधून सापडणार नाही म्हणतात, तो हा सापडला होता. सुती साडी, पांढरे केस, समोर छोटी वही. सरांनी पूर्वजाची थोरवी पाऊण तास सांगितली. बाईंनी वहीतून डोकं वर केलं.

"एकच विचारते. रिकाम्या नळीत काय आलं?"

सरांनी पाण्याचा घोट घेतला. मग मोठ्या मनाने हात माझ्याकडे केला. "हे सगळं काम माझ्या विद्यार्थिनीने केलेलं आहे. तीच सांगेल."

चार वर्षांत पहिल्यांदाच ते काम माझं झालं होतं.

मी उभी राहिले. डिचोलीचा नारळ आठवला, तशी मान खाली गेली. पण उत्तर मात्र नीट आलं.

"रिकाम्या नळीतही तेच आलं, बाई. सगळं यंत्र. ती पावावरची बुरशी आहे. आमच्या फ्रीजमधली. दुसऱ्यांदा स्वच्छ नमुने घेतले, त्यात ते नाही. हे मला चार महिन्यांपूर्वी कळलं होतं आणि मी मोठ्याने सांगितलं नाही."

मागच्या रांगेत कोणीतरी खुदकन हसलं. आणि मग सर हसले. सर्वांत मोठ्याने, सर्वांत आधी ओळखल्यासारखे. "मला पहिल्यापासून शंका होतीच," ते म्हणाले. "विद्यार्थ्यांनी स्वतः शोधावं म्हणून मी बोललो नाही."

चहाच्या वेळी बाई माझ्याजवळ आल्या आणि दुसऱ्या नमुन्यांचे कागद मागितले. उभ्याउभ्याच वाचले. "हे चांगलं आहे," त्या म्हणाल्या. "हे लिही."

"पण एवढंच उरतंय. मूठभर जनुकं."

"खरं एवढंच असेल तर एवढंच लिहायचं. आणि चार महिने गप्प बसलीस ते परत करू नकोस." मग त्यांनी बशीतला सामोसा संपवला आणि निघून गेल्या. रागावल्या की शाबासकी दिली, ते मला अजून कळलेलं नाही.

घरी आईला सांगितलं की पूर्वज वगैरे काही नव्हतं, बुरशी होती. पेढे वाटून बसलेली बाई, मला वाटलं खचेल. ती तांदूळ निवडत होती. "पूर्वज नाय तर नाय," ती म्हणाली. "एक श्राद्ध वाचलां."

शोधनिबंध छापून आला. पहिलं नाव संस्थेच्या संचालकांचं, ज्यांनी मला एकदा जिन्यात विचारलं होतं की गांडूळखताचं काम कुठवर आलं. दुसरं सरांचं. तिसरं माझं. आभारांत म्हाताऱ्याचं नाव घालावं म्हणून मी भांडले. तिथे "स्थानिक सहकार्य" असं छापलं गेलं. त्याला मी छापील प्रत नेऊन दिली, त्याचं नाव पेनाने लिहून. त्याने चित्रं बघितली आणि गांडुळाचं चित्र उलटं आहे असं सांगितलं. वर्तमानपत्रात खुलासा द्यायला हवा, असं मी सरांना दोनदा म्हटलं. "लोकांना निराश कशाला करायचं?" म्हणाले. डिचोलीत आजही पूर्वज शाबूत आहे.

मला पदवी मिळाली. आता मी एका कॉलेजात तासिकेवर शिकवते. सर विभागप्रमुख झाले. मागच्या महिन्यात दाखल्यासाठी संस्थेत गेले होते, तर दर्शनी भिंतीवर पुरुषभर उंचीचं रंगीत चित्र लावलेलं होतं. खाली सोनेरी अक्षरांत: "आमच्या संस्थेने शोधलेला आदिम परजीवी". मी जवळ गेले. गोल, तुकतुकीत, काळ्या कडेचं काहीतरी होतं. काचपट्टीवर पाणी घालताना हवेचा बुडबुडा अडकतो, तो होता. नवशिक्या मुलांना पहिल्या दिवशी सांगावं लागतं की याच्याकडे बघत बसू नका.

मी कार्यालयातल्या कारकुनाला बाहेर बोलावून दाखवलं. म्हटलं, हा परजीवी नव्हे, बुडबुडा आहे.

त्याने चित्राकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. "मॅडम, मंत्र्यांच्या हस्ते अनावरण झालंय," तो म्हणाला. "आता तो परजीवीच."

माझा दाखला तयार नव्हता. सोमवारी या म्हणाले.